नोराच्या टेबलावरचं तिसरं ताट

टूवूंबातल्या त्या रस्त्यावर नोराचं घर आता नाही. तिथे दातांचा दवाखाना आहे आणि पुढच्या अंगणाच्या जागी सहा गाड्या मावतील एवढं डांबर. शेजारचं आमचं भाड्याचं घर मात्र तसंच आहे. लाकडी, खांबांवर उचललेलं, पत्र्याच्या छपराचं. फक्त रंग बदलला आहे. मी गाडीतून उतरले तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा होता आणि दुपारचे चार वाजून गेले होते. रस्त्याकडेची चिनाराच्या जातीची झाडं अर्धी गळाली होती. पानं पायाखाली कुरकुरत होती. फुटपाथच्या फटींतून इथली लाल माती वर आली होती आणि कुठल्याशा धुराड्यातून आयर्नबार्कच्या लाकडाचा कोरडा, जरासा गोडसर धूर खाली उतरत होता.

हा धूर मला ज्या टेबलापाशी नेतो तिथे जायला मला आवडत नाही. तरी मी उभी राहिले.

शहात्तरच्या जानेवारीत आम्ही इथे आलो. बाबांना इथल्या इस्पितळात नोकरी मिळाली होती. मी दहा वर्षांची होते, ताई सोळाची. ताई सांगलीला मावशीकडे राहिली, कारण मार्चमध्ये तिची मॅट्रिकची परीक्षा होती. परीक्षा, मग निकाल, मग पासपोर्ट, मग डिसेंबरात विमान, असं ठरलं होतं. मागच्या बंदिस्त व्हरांड्यात आईने दोन पलंग मांडले. खिडकीकडचा ताईचा. त्यावर चेनिलची गुलाबी चादर होती, उठावदार गोंड्यांची. सुरकुती पडेल म्हणून मी त्यावर कधी बसत नसे.

दर रविवारी जेवण झालं की मी जेवणाच्या टेबलावर वही काढून ताईला पत्र लिहायचे. आई ओट्यापाशी भांडी पुसत असायची. बाबा सोमवारी पत्र इस्पितळात घेऊन जायचे आणि तिथून टपालात टाकायचे. तिकडून मावशीचं निळं एअरोग्राम यायचं. त्याच्या शेवटच्या घडीवर ताईच्या तिरप्या अक्षरात चार ओळी असायच्या. ‘कांगारू पाहिलास का? की नुसत्याच थापा?’ ‘माझ्या पलंगावर लोळू नकोस, मला इथून दिसतं.’ शेवटी मावशीचा ‘छोटीला गोड पापा’.

नोरा आमच्या आधीपासून शेजारी होती. साठीची, रुंद हाडाची, कोपरापर्यंत बाह्या वळवलेली. तिचा नवरा जॅक काही वर्षांपूर्वी वारला होता. तिचा धाकटा भाऊ मिक शेतावर राहायचा, आठवड्यातून दोनदा यायचा, दारातच बूट काढायचा आणि भोक पडलेल्या मोज्यांनी घरभर फिरायचा. नोराच्या आजीची आजी आयर्लंडहून बोटीने आली होती. तिच्याबरोबर एक सण आला होता. नोरा त्याला ‘साऊइन’ म्हणायची.

“ऑक्टोबरच्या शेवटी असतो तो,” तिने आम्हाला पहिल्या वर्षी सांगितलं. “तिकडे. तिकडे तेव्हा पीक घरात येतं, गुरं डोंगरावरून खाली आणतात, दिवस लहान होतो. इथे ऑक्टोबरात काय असतं? वसंत! जॅकरंडा फुललेला, पोरं पोहायला चाललेली. अशा उजेडात मेलेली माणसं येतील कशी? म्हणून आमच्या आजीने तो एप्रिलअखेर आणला. कॅलेंडर बोटीने आलं, लव्ह, सूर्य इथलाच आहे.”

ती रविवारी नेमाने चर्चमध्ये जायची. फादरना हे एप्रिलचं प्रकरण पसंत नव्हतं. तीही त्यांना बोलवत नसे.

तो सण मला आजही पूर्ण येतो, एखाद्या पाठ कवितेसारखा. दिवस संध्याकाळी सुरू होतो, सकाळी नाही. वर्षही तसंच, आधी काळोखाची सहामाही, मग उजेडाची. हे ऐकून बाबा म्हणाले होते, “बरोबरच आहे. मूलही आधी अंधारातच वाढतं.” त्या दिवसापर्यंत झाडावरची फळं उतरवायची, राहिलेल्या फळांना नंतर कुणी हात लावायचा नाही, ती पलीकडच्यांची. दुपारी चूल विझवायची. राख काढायची. नोराची चूल लोखंडी होती आणि थंड होताना टकटक वाजायची. वर्षभर कधी न थांबणारं ते घर तासभर मुकं व्हायचं. मग मागच्या अंगणात मिक होळीसारखी लाकडं रचायचा आणि सूर्य मावळला की पेटवायचा. पूर्वी गावाची एकच होळी असायची आणि तिच्यातला निखारा घरोघर न्यायचे. आता गाव म्हणजे नोरा, मिक आणि मी. त्या होळीतला निखारा फावड्यावर घेऊन नोरा घरात यायची, चुलीत ठेवायची आणि फुंकर मारायची. धूर, उकडलेल्या बटाट्यांची वाफ, कोबी, लोणी, आणि मनुका घातलेल्या गोड पावाचा वास. सलगम कोरून केलेला दिवा खिडकीत असायचा. सलगम आतून जळायला लागला की त्याला करपलेल्या मातीचा वास येतो.

दार उघडं ठेवायचं. टेबलावर त्या घरातल्या गेलेल्यांची ताटं मांडायची आणि प्रत्येकाच्या आवडीचं वाढायचं. जॅकच्या ताटात भाजलेलं मटण आणि मोहरीची चटणी असायची. नोराच्या आईच्या ताटात सफरचंद, साल काढलेलं. तिला दात नव्हते.

पहिल्या वर्षी आई आणि मी दोघी गेलो होतो. आईने ताटांकडे पाहिलं आणि ती लगेच सावरून बसली, देवळात बसतात तशी.

“आमच्याकडेही असतं,” ती तिच्या जपून बोललेल्या इंग्रजीत म्हणाली. “पंधरा दिवस. पूर्वजांचं. घास बाहेर ठेवायचा, कावळा शिवला की पोचलं.”

“कावळा?” मिक म्हणाला. “मिसेस, इथे तुमचा घास तो काळा-पांढरा मॅगपाय खाईल आणि वर डोक्यावर टोच मारून जाईल.”

“मिक, तोंड बंद.”

“मी आपलं सावध करतोय. सप्टेंबरात ते घरटी राखतात, डोक्यावर बादली घालून बाहेर जा.”

आई हसली. या देशात ती मोठ्याने हसलेली मला आठवते ती ही पहिली वेळ. सप्टेंबरात तिने खरोखरच आजोबांचा घास व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला आणि मॅगपाय आला. मी ते ताईला सविस्तर लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी झाली नाही. कपाटातल्या देवांपुढे काही दिवस दिवा नव्हता. आई म्हणाली, वाती संपल्या. बाबा आठवडाभर घरी होते आणि व्हरांड्यात वर्तमानपत्र उघडून बसायचे. वाऱ्याने पान उलटलं तरी ते पुन्हा सरळ करत नसत. आवारातल्या जॅकरंडाची जांभळी फुलं पत्र्यावर पडून कुजली आणि पन्हळीतून गोड, आंबूस वास येऊ लागला. मावशीची पत्रं येत राहिली. आता आई ती खिडकीकडे तोंड करून वाचून दाखवायची. “ताईचा अभ्यास आहे, तिने आशीर्वाद सांगितलेत,” एवढंच. ताई मला आशीर्वाद कधीपासून द्यायला लागली, हा प्रश्न मला पडला होता. मी तो विचारला नाही. डिसेंबर आला. कागदपत्रं अडली आहेत, बाबा म्हणाले. पुढच्या वर्षी. तोवर लिहीत राहा.

मी लिहीत राहिले. कोळ्याच्या जाळ्यांबद्दल, पोहण्याच्या परीक्षेबद्दल, शाळेत मला मिळालेल्या टोपणनावाबद्दल. चादर दर पंधरा दिवसांनी झटकते, असंही लिहिलं.

सत्त्याहत्तरच्या एप्रिलच्या शेवटच्या दिवशी शाळेतून आले तर घरात साखरेच्या पाकाचा वास होता. आई नारळाच्या वड्या करत होती. इथे ओला नारळ मिळत नसे. किराणा दुकानातला सुका, पाकिटातला कीस दुधात भिजवून घ्यावा लागायचा. सांगली सोडल्यापासून तिने वड्या केल्या नव्हत्या. तिने त्या शंकरपाळ्यासारख्या तिरक्या कापल्या, प्रत्येकीवर एक बेदाणा दाबला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या.

“नोराकडे नेऊन दे. माझं डोकं दुखतंय, मी येत नाही. खाली बटर पेपरमध्ये वेगळ्या ठेवल्यात, तो कागद उघडू नकोस. नोराला माहीत आहे.”

“व्हाय?”

“सांगितलं तेवढं कर. आणि सूर्य मावळायच्या आत पोच.”

डबा कोमट होता. मी तो पोटाशी धरून दोन्ही घरांमधल्या कुंपणाच्या फटीतून गेले.

“काय आणलंस, मेट?” मिकने झाकण उचललं. “अरे, ही तर आमची कोकोनट आइस! वरचा गुलाबी थर विसरली तुझी आई.”

“हात काढ,” नोरा म्हणाली. “आधी त्यांचं.”

होळी पेटली. निखारा आत आला. चूल धरली. मी खुर्चीवर बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की टेबलावर दोन नाही, तीन ताटं मांडलेली आहेत. तिसरं लहान होतं, निळ्या काठाचं. नोराने डब्यातल्या वरच्या वड्या बशीत काढल्या, मग खालचा बटर पेपर दोन्ही हातांनी उचलला, उलगडला, आणि आतल्या पाच वड्या त्या ताटात ठेवल्या.

त्या पाचांवर बेदाणे नव्हते.

ताईला बेदाणा आवडत नसे. सणासुदीला ती वडीवरचा बेदाणा नखाने काढायची आणि मला द्यायची. पुढे आई तिच्यापुरत्या वड्या बिनबेदाण्याच्याच करायला लागली, तर ताईच भांडली होती, “मग छोटीला काय देऊ?” हे आमच्या घरातल्या चार माणसांना माहीत होतं. पाचव्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

“हे कुणाचं ताट?”

नोराने एप्रनला हात पुसले. ते आधीच कोरडे होते.

“तुझी आई सांगेल तुला, लव्ह.”

“यावर बेदाणे का नाहीत?”

“तिने तसंच सांगितलं होतं.”

मी मिककडे पाहिलं. तो ताटात बघत होता. हा माणूस मला भेटला की पहिला प्रश्न विचारायचा, ‘बहीण कधी येतेय? माझ्याकडे घोडा आहे तिच्यासाठी.’ गेल्या ऑक्टोबरापासून त्याने तो एकदाही विचारला नव्हता. म्हणजे त्यालाही माहीत होतं. बूट दारात काढणाऱ्या, बैलांशी शिव्यांत बोलणाऱ्या माणसाला सहा महिने माहीत होतं, आणि मी चादर झटकत होते.

“मी वचन दिलंय,” नोरा म्हणाली. “मी बोलणार नाही. पण त्या खुर्चीशेजारी बसायचं असेल तर बस.”

मी उठून बसले. उघड्या दारातून गार हवा येत होती आणि सलगमच्या दिव्याची ज्योत आडवी होत होती. कुणी आलं असं मला वाटलं नाही. मी वड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. पाचच होत्या. नोराने माझ्या ताटात बटाटा वाढला आणि मी तो संपवला. त्याला चव होती, हे मला नंतर अनेक दिवस लाजिरवाणं वाटत राहिलं.

घरी परत आले तेव्हा आई अंधारात ओट्याशी उभी होती. तिने दिवा लावला.

“दिल्यास?”

“येस.”

“खाल्ल्या का त्यांनी?”

“येस.”

“खालच्यासुद्धा ठेवल्या ना नीट?”

“येस, आई.”

“बरं.” तिने डबा घेतला. नोराने त्यात पावाचा मोठा तुकडा घातला होता. तो आईने पालथ्या ताटलीखाली झाकून ठेवला. मी तिच्या पाठीकडे बघत होते. ती वळून सांगेल म्हणून थांबले. बहुधा एक मिनिट. तिने नळ सोडला.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मी वही काढली. ‘प्रिय ताई,’ असं लिहिलं आणि थांबले. आई माझ्याकडे बघत नव्हती. इतकी बघत नव्हती की ते दिसत होतं. मला वाटलं, आता मी पेन खाली ठेवलं तर हिला कळेल. आणि तिला कळावं असं मला वाटत नव्हतं. तिच्याकडे एक गुपित होतं, तर माझ्याकडेही एक असू दे. मी दोन पानं लिहिली. नोराकडचा सण, मिकचे मोजे, होळीचा जाळ. ताटांबद्दल लिहिलं नाही. शेवटी लिहिलं, ‘लवकर ये.’ अक्षर चांगलं आलं होतं.

त्यानंतरच्या तीन एप्रिलांत मी डबा नेला. अठ्ठ्याहत्तरला पाऊस होता आणि होळी पेटता पेटेना. मिकने ट्रॅक्टरचं डिझेल ओतलं आणि नोराने त्याला पूर्वजांसमोर नावं ठेवली. एकोणऐंशीला फळं लवकर उतरवावी लागली, कारण दव गोठायला लागलं होतं. ऐंशीला नोराचा गुडघा दुखत होता म्हणून निखारा मी आणला. फावडं जड होतं. निखाऱ्याची धग चेहऱ्यावर घेत मी मागच्या दारातून आत आले आणि चुलीपाशी वाकले, तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि माझ्या मनात बहिणीबद्दल काही नव्हतं. आईबद्दल होतं. दर वर्षी त्या पाच वड्या ती माझ्याच हातून पाठवत होती. माझ्या बहिणीचा नैवेद्य मीच वाहायचा, आणि मलाच सांगायचं नाही. मी एक वाक्य तयार केलं होतं. यू लेट मी राइट टू हर. ते इंग्रजीत होतं, कारण मराठीत मी आईला असं काही बोलू शकले नसते. वेळ आली की ते म्हणायचं, एवढंच काम होतं. दरम्यान दर रविवारी मी पत्र लिहीत होते.

वेळ एक्याऐंशीच्या जानेवारीत आली. पहिल्यांदाच भारतात जायची तिकिटं काढली होती. सांगलीला गेल्यावर लपून राहणार नव्हतं. दोघं टेबलापाशी बसले. फिरता पंखा एकदा बाबांवर, एकदा आईवर जात होता. बाबांनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“छोटी, ताईबद्दल एक सांगायचंय.”

“आय नो,” मी म्हणाले.

पंखा पूर्ण फेरी करून आला.

“काय माहीत आहे?” आईने विचारलं.

“ती नाहीये. आय नो. नोराने तिसरं ताट मांडलं त्या दिवसापासून.”

“तिने सांगितलं?”

“नाही. तू सांगितलंस. वड्यांवर बेदाणे नव्हते.”

बाबा उठून व्हरांड्यात गेले. आई बसून राहिली. बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

“आपल्यात कुमारिकेचं पान वाढत नाहीत,” ती म्हणाली. “श्राद्ध नाही, काही नाही. तुझे बाबा म्हणाले, तसाच नियम आहे. मी म्हटलं, नोराकडे तसा नियम नाही. तिच्याकडे कुणालाही पान आहे. आणि न्यायला रक्ताचं माणूस हवं होतं. मला तिथवर चालवलं नसतं.”

मी माझं वाक्य तोंडाशी आणलं होतं. तेवढ्यात तिने मान वर केली.

“म्हणजे तेव्हापासूनची पत्रं?”

मी मान डोलावली.

“ती सगळी माझ्याकडेच आहेत. बाबा पोस्टात टाकत नव्हते, मला आणून द्यायचे. तू शाळेत गेलीस की मी वाचायचे. मला वाटायचं, या घरात एका माणसासाठी तरी ती अजून आहे.” तिचा आवाज चढला नाही. “आणि तू मला बघत होतीस. पावणेचार वर्षं. मला एकटीला रडू दिलंस.”

माझं वाक्य मी म्हटलं नाही. ते तेव्हाही खरं होतं. आजही आहे.

आईने मला फसवलं, ही गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली. सिडनीला शिकताना, हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मैत्रिणींना, नंतर नवऱ्याला. सांगताना मी टेबलावरच्या ताटापाशी थांबते. लोक हळहळतात, माझ्या बाजूने बोलतात. त्या टेबलानंतरचे रविवार मी आजवर कुणालाही सांगितलेले नाहीत.

दवाखान्यातून एक बाई गाल धरून बाहेर आली आणि गाडीत बसली. ऊन गेलं. समोरच्या घराची खिडकी उजळली, धूर दाट झाला, आणि थंडी एकदम पायांतून वर चढली, जशी इथे चढते.

भारतात जायच्या आधी एक रविवार मध्ये आला होता. जेवणं झाली. मी माझं ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि वही घेऊन टेबलापाशी परत आले नाही. व्हरांड्यात जाऊन पलंगावर आडवी झाले. तिथून स्वयंपाकघर दिसायचं. टेबल पुसलेलं होतं. आई हातात फडकं घेऊन ओट्यापाशी उभी होती. भांडी केव्हाच कोरडी झाली होती. चार वाजले तरी ती तिथेच उभी होती.